वाडी, विहीर आणि जोते : पापडी (वसई) परिसरातील बागायतदारांच्या जुन्या दगडी घरांची वास्तुरचना

प्रस्तावना

वसईच्या इतिहासावर मराठीत आणि इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. तथापि हे लेखन मुख्यत्वे किल्ला, चर्च, मोहिमा आणि तह यांच्याभोवती फिरते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. या तीन तारखांच्या आधारे वसईचा इतिहास सांगण्याची प्रथा पडून गेली आहे. डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल व वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तटबंदी, मठ व थडग्यांवरील लेख यांना मोठे स्थान आहे. या किल्ल्याला ज्यांनी तांदूळ, ऊस, केळी व भाजीपाला पुरविला, तो बागायतदार इतिहासात करदाता म्हणून अधूनमधून डोकावतो. तो राहत कोठे होता, त्याचे घर कसे होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

वसई रोड रेल्वेस्थानकाकडून जुन्या वसई गावाकडे जाताना वाटेत पापडी लागते. तळे, बाजारपेठ आणि अवर लेडी ऑफ ग्रेस हे चर्च यांमुळे हे गाव परिचित आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाल्यानंतर या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. मुख्य रस्ता सोडून आत वळल्यावर, नव्या इमारतींच्या मधून, अजूनही काही कौलारू घरे दृष्टीस पडतात. उंच दगडी जोते, पुढे लांबट ओटी, उतरते छप्पर, बाजूला गोठ्याची जागा आणि त्यापलीकडे विहीर, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. वसईबाहेरचे लोक, आणि अलीकडे वसईतलेही लोक, या घरांना सरसकट 'पोर्तुगीज घरे' म्हणतात. हे नाव कितपत सार्थ आहे याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. घराचा दगड, आराखडा, घटकांची नावे आणि काळ या चारही बाजूंनी पाहता ही घरे राज्यकर्त्यांच्या शैलीपेक्षा वाडीच्या पाण्याला व पिकाला अधिक बांधलेली आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

भूमी आणि दगड

जुनी वसई हे वस्तुतः बेट होते. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी यांनी ते वेढलेले होते. समुद्राकडील पट्टा वालुकामय व सुपीक आहे. या पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, त्यामुळे उथळ विहिरींनाही गोडे पाणी लागत असे. त्यापलीकडे पूर्वेस भातखाचरे, खारजमिनी व मिठागरे, आणि त्यांच्याही पलीकडे तुंगारेश्वराच्या काळ्या पाषाणाच्या टेकड्या. दगड पूर्वेच्या बाजूला आणि बागा पश्चिमेच्या बाजूला, ही या भूमीची रचना घराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंग्लंडमधील कॉट्सवोल्डच्या शेतकऱ्याला शेताच्या कडेलाच चुनखडीचा दगड मिळे आणि डार्टमूरच्या शेतकऱ्याला जमीन साफ करतानाच ग्रॅनाइटचे धोंडे हाती लागत. वसईच्या बागायतदाराला दगड गाडीतून किंवा होडीतून आणावा लागे. आणलेल्या दगडाला किंमत असते, आणि म्हणून तो जेथे अपरिहार्य आहे तेथेच वापरला जातो.

वसईच्या दगडाची कीर्ती मात्र दूरवर होती. गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका १५९४ साली बांधावयास घेतली गेली आणि १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. तिची मुख्य बांधणी जांभ्या दगडाची असली तरी दर्शनी भागावरील कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात केलेले आहे. जांभा कोरीव कामाला दाद देत नाही, म्हणून शेकडो मैलांवरून हा दगड समुद्रमार्गे गोव्याला गेला. वसईत घडलेल्या या दगडाचा सन्मान गोव्यातील चर्चच्या इतिहासात नोंदविला गेला आहे. त्याच जातीचा दगड वसईच्या वाडीत कसा वापरला गेला याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

परकीय प्रवाशांनी पाहिलेली वाडी

बागायती पट्ट्याचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन इटालियन प्रवासी जेमेली कारेरी याने केले आहे. तो १६९५ साली वसईत आला होता. किल्ल्याबाहेर पसरलेल्या बागायती प्रदेशाला तो 'कासाबो' म्हणतो. हे आपल्या 'कसबे' या शब्दाचेच रूप होय. मैलोनमैल पसरलेल्या बागा, त्यांतील माड, आंबे, केळी व ऊस, आणि ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू अशा तिन्ही समाजांचे कष्टकरी शेतकरी यांचा त्याने उल्लेख केला आहे. शहरातील पोर्तुगीज उमराव उन्हाळ्यात व रोगराईच्या दिवसांत येथील आपल्या विश्रामगृहांत येऊन राहत, हेही तो सांगतो. बागा सदैव हिरव्या राहतात कारण शेतकरी एका यंत्राने त्यांना पाणी देतात, अशी नोंदही त्याने केली आहे. हे यंत्र म्हणजे रहाट, हे वसईकर वाचकाला सांगावयास नको.

कारेरीच्या आधी वीस वर्षे, १६७५ च्या सुमारास, इंग्रज वैद्य जॉन फ्रायर वसईत आला होता. त्याने वर्णन केली ती तटाच्या आतील श्रीमंतांची घरे. त्यांना आच्छादित सज्जे व उंच खिडक्या होत्या, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसविलेल्या होत्या. ही दोन वर्णने एकत्र ठेवली तर सतराव्या शतकात वसईत निदान तीन प्रकारची घरे होती असे दिसते. तटाच्या आत उमरावांचे वाडे, कसब्यात त्यांची विश्रामगृहे, आणि त्याच कसब्यात बाग पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची घरे. पहिल्या दोहोंविषयी प्रवाशांनी लिहिले. तिसऱ्या प्रकाराविषयी ते गप्प आहेत, आणि त्याचे कारणही उघड आहे. पाहुणा शेतकऱ्याच्या घरी उतरत नसे.

तथापि कारेरीच्या वर्णनातील एक गोष्ट फार मोलाची आहे. त्याच्या 'कासाबो'त तीन धर्मांचे शेतकरी एकच प्रकारची शेती करीत होते. शेती एक असेल तर शेतघराच्या गरजाही एकच असणार. पुढील विवेचनात या मुद्द्याकडे पुन्हा यावे लागेल.

विहिरीपासून घराकडे

या घराचा अभ्यास सामान्यतः दर्शनी भागापासून सुरू केला जातो. तो विहिरीपासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल. रहाटाने उपसलेले पाणी दोणीत पडते आणि तेथून पाटाने, केवळ उताराच्या जोरावर, वाडीभर फिरते. त्यामुळे विहीर वाडीतील त्यातल्या त्यात उंच जागी असणे भाग होते. रहाट फिरविणारा बैल किंवा रेडा गोल फिरतो, त्याच्या पायाखालची जागा पावसाळ्यातही टणक राहावी लागते. जनावराला दिवसातून अनेक तास जुंपायचे व सोडायचे, तेव्हा गोठा जवळ हवा. गोठ्याजवळ घर हवे, कारण रात्रीची राखण आणि पहाटेची जुंपणी घरातल्यांनीच करायची. अशा रीतीने घर, गोठा व विहीर ही तिन्ही उंचवट्यावर एकत्र येतात आणि वाडी त्यांच्यापासून खाली उतरत जाते. आज रहाट गेले, त्यांच्या जागी प्रथम इंजिने व नंतर विजेचे पंप आले. पण पंपाची खोली ज्या जागी उभी आहे ती जागा बहुधा रहाटाचीच असते.

वाडीत दगडाचे पहिले काम विहिरीचे आहे. वालुकामय जमिनीत न बांधलेली विहीर एका पावसाळ्यात ढासळते. विहिरीच्या कड्याला लागणारा दगड नीट घडलेला असावा लागतो, कारण गोलाकार बांधणीत प्रत्येक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. एखाद्या कुटुंबाची ऐपत जोखायची असेल तर घराच्या कमानीपेक्षा विहिरीचा कडा पाहावा.

दुसरे काम जोत्याचे. वसईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. छपरावरून कोसळणारे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडते आणि वालुकामय जमिनीतून ओल वर चढते. म्हणून जोते उंच, बाहेरच्या अंगाने घडीव दगडांचे आणि आत मुरूम-मातीने भरलेले असते. जोत्यावर प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडी तळखडा बसवितात, त्यामुळे खांबाच्या बुंध्याला ओल व वाळवी लागत नाही. छपराचा भार हे खांब आणि त्यांवरील तुळया पेलतात. भिंत बहुतांशी आडोशाचे काम करते. ती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत दगडाची, वर विटांची आणि गरीब घरांत कुडाची असे. चुन्याचा गिलावा चढविल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि सारे घर दगडी भासते. संपूर्ण दगडी भिंतींची घरे आहेत, पण ती थोडी व सधन कुटुंबांची आहेत. म्हणजे ज्याला 'दगडी घर' म्हटले जाते ते पुष्कळदा कमरेपर्यंतच दगडी असते. हे काटकसरीचे शहाणपण होय, त्यात कमीपणा काही नाही.

आतली मांडणी साधी आहे. पुढे ओटी किंवा पडवी, तिच्यामागे माजघर, मागील अंगाला स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी, आणि वर माळा. ओटीला आजचे लोक बसण्याची जागा समजतात. पाहुणे बसत हे खरे, परंतु बागायतदाराच्या घरात ती मुख्यतः कामाची जागा होती. विड्याची पाने खुडून आणल्यावर ती निवडून त्यांच्या कवळ्या बांधायच्या, केळीचे लोंगर उतरवून ठेवायचे, भाजीच्या जुड्या करायच्या, फुले वेचायची, ही सारी कामे सावलीत पण उजेडात आणि वारा खेळेल अशा ठिकाणी करावी लागतात. ओटीची लांबी व तिचा मोकळेपणा या कामांतून आलेला आहे. माजघर त्याउलट बंदिस्त, काळोखे आणि थंड. ख्रिस्ती कुटुंबात येथेच भिंतीशी अल्तार, हिंदू कुटुंबात देव्हारा. अंगणात एकाकडे क्रूस आणि दुसऱ्याकडे तुळशीवृंदावन. न्हाणीचे सांडपाणी दोन्ही घरांत मागच्या केळीला आणि अळवाला जाते.

माळ्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. भात, बियाणे, सुकविलेले पदार्थ यांची ती जागा. चुलीचा धूर माळ्यातून वर जातो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. या धुराने धान्याला कीड लागत नाही आणि पावसाळ्यात वासे व तुळया कोरड्या राहतात. इंग्लंडच्या ग्रामीण घरात याच्या अगदी उलट घडले. तेथे मध्ययुगात मोठ्या खोलीच्या मधोमध विस्तव पेटे व धूर छपरातून निघे. सोळाव्या-सतराव्या शतकांत दगडी वा विटांचे धुराडे आल्यावरच त्या खोलीवर मजला घालता आला. तेथे धुराडे ही घराच्या इतिहासातील मोठी क्रांती समजली जाते. वसईच्या घराला धुराड्याची गरज भासली नाही, कारण येथे धूर हा घराचा एक कामकरी घटक होता.

'पोर्तुगीज' हे विशेषण

आता नावाचा प्रश्न. पोर्तुगीजांनी वसईवर सुमारे दोनशे वर्षे राज्य केले. धर्म, पोशाख, संगीत, खाद्यपदार्थ यांवर त्याचा ठसा आहे, मग तो घरावर नसेल असे मानणे चुकीचे होईल. याबाबत भाषेची साक्ष उपयोगी पडते. चावी, अलमारी, बालदी, पिंप, साबण हे मराठीतील शब्द पोर्तुगीजांकडून आले. बांधकामापुरते पाहिले तर घमेले हा शब्द पोर्तुगीज आणि ते उचलणाऱ्या गवंड्याचा मुख्य तो मिस्त्री हाही पोर्तुगीजच. परंतु घराच्या अवयवांची नावे घ्यावीत तर जोते, उंबरा, ओटी, पडवी, माजघर, माळा, खांब, तुळई, आढे, वासा यांपैकी एकही नाव पोर्तुगीज नाही. घरात नेऊन ठेवायच्या वस्तू आणि घर बांधणाऱ्याचे हत्यार यांना परकी नावे मिळाली. घराचा सांगाडा मात्र पूर्वीच्याच नावांनी ओळखला जात राहिला. शब्दांवरून काढलेला निष्कर्ष जपून वापरावा लागतो हे मान्य करूनही, ही विभागणी योगायोगाची वाटत नाही.

दुसरी साक्ष शेजाऱ्याची. पापडी व आसपासच्या गावांत वाडवळ समाजाची हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही कुटुंबे पिढ्यान्पिढ्या बागायत करीत आली. वाडवळ या नावातच वाडी आहे अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. वर म्हटल्याप्रमाणे या दोन समाजांच्या घरांत क्रूस व वृंदावन, अल्तार व देव्हारा एवढाच ठळक फरक आहे. ओटी, माजघर, माळा, गोठा व विहीर यांचा परस्परसंबंध एकच आहे. आराखडा लिस्बनहून आला असता तर तो धर्मांतर न केलेल्या घरात इतक्या सहजतेने कसा आढळला असता? कमानदार खिडकी, गिलाव्यातील नक्षी, ओटीच्या कठड्याचे वळण यांत पोर्तुगीज वा पुढे मुंबईकडून आलेल्या युरोपीय आवडीचा प्रभाव अवश्य शोधावा. पण तो प्रभाव घराच्या चेहऱ्यावरचा आहे.

हा वाद केवळ पारिभाषिक नाही. 'पोर्तुगीज घर' म्हटले की ते घर पाहुण्यांनी मागे ठेवलेली वस्तू ठरते आणि ते ज्यांनी बांधले, ज्यांनी त्यासाठी दगड वाहून आणला, ते त्याचे केवळ रखवालदार उरतात. ज्या समाजाला आपल्या परंपरेविषयी वारंवार खुलासा करावा लागतो, त्याच्या दृष्टीने हे विशेषण निरुपद्रवी नाही.

ही घरे केव्हा बांधली गेली?

पोर्तुगीज काळाशी नाते जोडण्याच्या उत्साहात या घरांचे वय फुगविले जाते. येथे इंग्लंडमधील ग्रामीण घरांच्या अभ्यासाचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात एक प्रसिद्ध लेख लिहिला. १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यांत घरांची फार मोठी पुनर्बांधणी झाली, असा त्यांचा सिद्धांत होता. जमिनीचा खंड स्थिर व शेतमालाचा भाव चढता, त्यामुळे मध्यम शेतकऱ्याच्या हाती पैसा शिल्लक राहिला आणि तो त्याने घरात घातला. आर. मशीन यांनी १९७७ साली याच नियतकालिकात या सिद्धांताची फेरतपासणी केली. बांधणीचे साल कोरलेल्या घरांची मोजदाद करून त्यांनी दाखविले की ही पुनर्बांधणी एकदाच झाली नाही. ती लाटांनी होत गेली, आणि तिचा जोर हॉस्किन्स म्हणतात त्याहून नंतरच्या काळात अधिक होता. हॉस्किन्स यांचा कालखंड ढळला, पण घर हे शेतकऱ्याच्या शिलकीचा इतिहास सांगते ही त्यांची दृष्टी टिकली.

हीच दृष्टी वसईला लावली तर लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे जाते. मुंबईहून गुजरातकडे जाणारी बी.बी.सी.आय. रेल्वे १८६४ साली वसईमार्गे सुरू झाली. तोवर वसईचा नाशवंत माल वारा व भरती-ओहोटी सांभाळीत होडीने मुंबईस जाई. आता पहाटे खुडलेली पाने, भाजी व फुले त्याच दिवशी मुंबईच्या बाजारात पोहोचणे शक्य झाले. नेमक्या याच सुमारास, १८६५ साली, बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. बाजार आणि कौल यांचे एकाच दशकात झालेले हे आगमन वसईतील घरांच्या पुनर्बांधणीला अनुकूल होते, असे मानण्यास जागा आहे.

घरातच याचा पडताळा पाहता येतो. कुंभाराने घडविलेली नळीची कौले थरावर थर रचावी लागत आणि दर पावसाळ्यापूर्वी परतावी लागत. त्यांना बांबू व गोल वाशांचा सांगाडा चालत असे. मंगळुरी कौलाला मात्र समांतर रीपा लागतात आणि रीपांना करवतीने कापलेले सरळ वासे. म्हणून ज्या घराचे आढे, वासे व रीपा एकाच बांधणीच्या व कापीव लाकडाच्या आहेत ते छप्पर १८६५ नंतरचे असणार. जेथे जुन्या ओबडधोबड तुळयांवर नवे वासे चढविलेले दिसतात, तेथे सांगाडा जुना व छप्पर नवे. अशा घराला एकच वय सांगता येत नाही. त्याचे जोते एका पिढीचे, खांब दुसरीचे आणि कौले तिसरीची असू शकतात. काही घरांच्या दर्शनी त्रिकोणी भिंतीवर गिलाव्यात साल उठविलेले असते. ते घर बांधल्याचे असेल किंवा केवळ गिलाव्याचे. इंग्लंडमध्येही दारावर कोरलेल्या सालाने अभ्यासकांना अनेकदा फसविले आहे.

किल्ल्यातील दगडाच्या दंतकथेविषयीही असेच तारतम्य हवे. घडीव दगडाचे जोते दिसले की तो दगड किल्ल्यातून आणला असे सांगण्यात येते. ओस पडलेल्या वास्तूंचा दगड आसपासच्या बांधकामात जाणे ही जगभरची रीत आहे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केल्यानंतर त्यांचे कोरीव दगड शेतघरांच्या भिंतींत गेले. वसईत तसे घडले नसेल असे नाही. परंतु केवळ दगड घडीव आहे हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही, कारण पाथरवट वाडीसाठीही दगड घडवीत होतेच. कमानीचा वक्र तुकडा, खाचा पाडलेली चौकट, अर्धवट पुसलेले अक्षर असा दगड साध्या जोत्यात बसविलेला आढळला, तर तो दुसऱ्या वास्तूतून आला असे म्हणता येईल. एरवी तो बागायतदाराच्या पैशाने घडविलेला दगड आहे असेच समजावे.

खण आणि वाटणी

घराचे माप खणांत सांगण्याची आपली पद्धत आहे. दोन खांबांच्या वा तुळयांच्या मधले अंतर म्हणजे खण. इंग्लंडच्या ग्रामीण घरातही हेच एकक होते. एस. ओ. ॲडी यांनी १८९८ साली असे मत मांडले की तेथील खणाची सोळा फुटांची रुंदी बैलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या राहण्यास लागणाऱ्या जागेवरून ठरली. पुढील अभ्यासकांनी या मताविषयी शंका घेतली आहे. तरीही शेतकऱ्याच्या घराचे माप त्याच्या जनावरात शोधण्याची कल्पना, विहीर व गोठ्याभोवती उभ्या राहिलेल्या वसईच्या घरासमोर उभे राहिले की, आकर्षक वाटते.

खणाचा एक व्यावहारिक परिणाम असा की घर वाढविणे जितके सोपे तितकेच ते तोडणेही. मुलाचे लग्न झाले की एक खण वाढवायचा. भाऊ वेगळे झाले की खांबांच्या रेषेवर भिंत घालायची, ओटीत आडवी फळी टाकायची आणि मागे दुसरी चूल मांडायची. भार खांबांवर असल्यामुळे भिंत कोठेही उभारता वा काढता येते. वाटणी झालेल्या घराची ओटी पाहिली तर तीत किती भाऊ होते हे मोजता येते. वाटणीपत्रे, खरेदीखते आणि चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहांच्या नोंदवह्या या घराशेजारी ठेवून वाचल्या, तर एकेका खणाला माणसांची नावे जोडता येतील.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र वाटणीचा अर्थ बदलला. पूर्वी भाऊ घर वाटून घेत, आता ते घराखालची जमीन वाटून घेऊ लागले. १९९० साली सिडकोची वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि शहरीकरणाचा वेग वाढला. नव्या वसाहतींना टँकरने पाणी पुरविण्यासाठी पश्चिम पट्ट्यातील विहिरींचा बेसुमार उपसा झाला, त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. त्या आंदोलनाकडे पर्यावरणाचा लढा म्हणून पाहिले गेले. वास्तुरचनेच्या दृष्टीनेही त्याला अर्थ आहे. वाळूतील गोडे पाणी उपसले की त्याच्या जागी खारे पाणी शिरते. विहीर खारट झाली की पानवेल जाते, केळी जाते. वाडी गेली की ओटीवरचे काम संपते, गोठा रिकामा होतो, माळ्यावर ठेवायला काही उरत नाही. मग घर हे केवळ जुने, गळके आणि दुरुस्तीला महाग असे घर उरते. ते पाडणाऱ्या कुटुंबाला दोष देणे सोपे आहे. सागवानी तुळई बदलण्याचा खर्च ज्याने केला आहे तो असा दोष देणार नाही.

कायद्याचे संरक्षण या घरांपर्यंत पोहोचलेले नाही. वसईचा किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. पापडी या वर्तुळाच्या बरीच बाहेर आहे. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली, तिच्या यादीत गिरगावची खोताची वाडी आली. वसई मुंबईच्या हद्दीबाहेर असल्याने तिला त्याचा लाभ नाही. २००९ साली चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यान्वये ऐतिहासिक इमारतींची यादी करण्यास प्रारंभ झाला. आज त्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांत साधी शेतघरे, कोठारे व गोठेही मोठ्या संख्येने आहेत. पण त्या यादीमागे स्थानिक शिक्षक, पाद्री व हौशी अभ्यासक यांनी टेप घेऊन मोजलेल्या घरांचे आराखडे होते. ग्रामीण वास्तूंच्या अभ्यासकांचा गट तेथे १९५२ पासून काम करीत आहे.

वसईतील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व मराठी विभागांना हे काम एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. विहिरीचा व्यास व कड्याची जाडी, जोत्याची उंची, खणांची संख्या व रुंदी, तळखड्यांचा आकार, कौलावरील कारखान्याचा छाप आणि घरातील वृद्धांच्या तोंडची प्रत्येक भागाची नावे एवढे टिपले तरी पुढील अभ्यासाची पायाभरणी होईल. शेवटची बाब सर्वांत तातडीची आहे, कारण घर मोजायला उशीर झाला तरी एकवेळ त्याच्या खुणा सापडतात. कौले व लाकूड आधी विकले जाते, मग जोत्याचे दगड जातात. बुजविली नसेल तर विहीर मात्र जागेवरच राहते, आणि ती सापडली की दोणीची दिशा, पाटाचा उतार, गोठ्याची जागा आणि ओटीचे तोंड कोणत्या अंगाला होते हे बऱ्याच अंशी कागदावर पुन्हा मांडता येते.